दुसऱ्याच्या अंकातली आपली जागा

नवं पत्र काढणारा संपादक पहिल्या अंकात साधारण एकच सूर लावतो: या विषयावर आजवर कुणी ब्र काढला नाही, म्हणून आम्ही पुढे आलो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असं केलं नाही. बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा आधीपासून करणाऱ्या पत्रांची त्यांनी सरळ नावंच दिली. दीनमित्र, जागरूक, डेक्कन रयत, विजयी मराठा, ज्ञानप्रकाश, सुबोध पत्रिका. मग कारण सांगितलं. ब्राह्मणेतर म्हणवणाऱ्या अनेक जातींचे प्रश्न या पत्रांना हाताळावे लागतात, त्यामुळे बहिष्कृतांच्या प्रश्नांना तिथे हवी तेवढी जागा मिळणं शक्य नाही. म्हणून स्वतंत्र पत्र हवं.

यादीतलं पहिलंच नाव पाहा. ‘दीनमित्र’ मुंबईचं नव्हतं आणि पुण्याचंही नव्हतं. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, नेवासे तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून हे साप्ताहिक निघत होतं. दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्यातून गेला, पण तो राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव असा. नेवासे तालुका त्यापासून बाजूलाच राहिला. अशा गावातलं पत्र मुंबईतल्या संपादकाला सहज आठवावं, यात संपादक मुकुंदराव पाटलांच्या लेखणीचा वाटा मोठा आहेच. पण चांगलं लिहिणारे पुष्कळ असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं लिखाण गावाची वेस ओलांडत नाही. वेस ओलांडायला दुसऱ्या कुणाचा तरी टपालाचा गठ्ठा लागतो.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सत्यशोधकांचं ‘दीनबंधु’ सुरू केलं, ते हेच भालेकर. मुकुंदराव पुढे पाटलांच्या घरात दत्तक गेले. ‘दीनमित्र’ हे नावही कोरं नव्हतं. त्या नावाचं मासिक आधी गणपतराव पाटील चालवत. म्हणजे १९१० साली मुकुंदरावांनी सोमठाण्याहून साप्ताहिक ‘दीनमित्र’ काढलं आणि दोनेक वर्षांत ते तरवडीला नेलं, तेव्हा छापखान्याला जागा खेड्यात मिळाली असली तरी पत्राचं गणगोत आधीच चार गावांत पसरलेलं होतं. १९११ पासून सत्यशोधक परिषदा भरू लागल्या, जलसे गावोगाव फिरू लागले. परिषदेला आलेला माणूस परतताना चार पत्रांची नावं घेऊन जायचा. इकडे ‘दीनबंधु’ने बरेच हात बदलले होते: भालेकरांनंतर मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे, मग वासुदेवराव बिर्जे, त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ ते १९१२ त्यांच्या पत्नी तानूबाई. एक दिवा मंदावत असताना तरवडीचा छापखाना सुरू झाला. वाचकांना ओळख नव्याने करून द्यावी लागली नसणार.

आता हा व्यवहार जवळून कसा चालायचा ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

साप्ताहिक म्हणजे दर सात दिवसांनी ठराविक पानं भरायची. खिळे जुळवणारा समोर उभा असतो, फर्मा रिकामा असतो, बातमीदार नावाचा प्राणी खेड्यातल्या पत्राला परवडत नाही. मजकूर कमी पडणं हे छोट्या संपादकाचं बारमाही दुखणं. त्यावर उतारा होता अदलाबदलीच्या अंकांचा. तुमचा अंक मला, माझा तुम्हाला, वर्गणी दोघांनाही माफ. टपाल आलं की कागदी पट्ट्या फोडायच्या, सगळे अंक चाळायचे, कामाचं दिसेल त्यावर खूण करायची आणि कात्री चालवायची. परगावचं पत्रक, कुठल्या परिषदेचा वृत्तान्त, एखादा चुरचुरीत उतारा आपल्या अंकात घ्यायचा आणि खाली ज्या पत्रावरून घेतला त्याचं नाव टाकायचं. त्या एका ओळीने मूळ पत्राचं नाव अशा घरात पोचायचं, जिथे त्याचा एकही वर्गणीदार नाही.

दुसरं साधन म्हणजे ‘साभार पोच’. मराठी नियतकालिकांच्या मागच्या पानांवर हे सदर अजून दिसतं. आलेल्या पुस्तकांची, अंकांची नावं, प्रकाशक, किंमत, पत्ता. फार तर दोन ओळींचा अभिप्राय. वाचणाऱ्याला रुक्ष वाटतं. पण तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान नसताना व्ही. पी.ने पुस्तक मागवणाऱ्याला पत्ता आणि किंमत एवढंच हवं असायचं, आणि ते दोन्ही या सदरात असायचं. मला विचाराल तर मराठी वाङ्मयाच्या प्रसारात अनेक गाजलेल्या परीक्षणांपेक्षा ‘साभार पोच’चं काम मोठं आहे.

यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, ही लक्षात घ्यायची बाब. उतारा घेणाऱ्याचं पान भरत होतं, देणाऱ्याचं नाव जात होतं. दोघांची गरज वेगळी होती, म्हणून देवघेव वर्षानुवर्षं टिकली. हल्ली नवे लेखक नामवंताला लिहितात, ‘आमच्याबद्दल दोन शब्द सांगा’. उत्तर येत नाही आणि मग नामवंत शिष्ट ठरतो. त्याची कुठली रिकामी जागा आपल्याकडच्या मजकुराने भरते, हा विचार पत्र लिहिताना झालेलाच नसतो.

अमेरिकेत तर सरकारनेच ही देवघेव उचलून धरली होती. तिथल्या १७९२ च्या टपाल कायद्याने एका वृत्तपत्राच्या मुद्रकाला दुसऱ्या मुद्रकाकडे आपला अंक टपालखर्चाशिवाय पाठवता येई. दूरच्या वस्तीतली छोटी पत्रं अशा फुकट आलेल्या अंकांवर पानं भरत. त्याच देशातून आलेल्या मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं आणि जून १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक. नगर जिल्ह्यातल्या नियतकालिकांचा इतिहास इथून सुरू होतो, आणि गंमत अशी की ‘ज्ञानोदय’चं नाव गाजवण्यात त्याच्या विरोधकांचा हात मोठा होता.

‘ज्ञानोदय’चा हेतू उघड होता, ख्रिस्ती धर्माचा प्रसार. हिंदू धर्मावर त्यातून टीका व्हायची. तिला उत्तर द्यायला १८४४ मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘उपदेशचंद्रिका’ मासिक काढलं. आता उत्तर द्यायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं सांगावं लागतं, त्याच्या पत्राचं नाव घ्यावं लागतं. मिशनऱ्यांचा कागद विटाळ मानून घरात न घेणाऱ्यांनाही त्यात काय छापून आलं हे अशा खंडनातूनच कळलं. वादामुळे दोन्हीकडच्या वाचकांना एकमेकांच्या दारात डोकावावं लागतं. मात्र तो वाद मुद्द्याचा हवा. नुसत्या शिवीगाळीने वाचक वाढत नाहीत, बघे वाढतात.

त्याच काळात मुंबईत भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ होतं, १८४१ चं. त्यात १८४८ पासून लोकहितवादी या टोपणनावाने गोपाळ हरी देशमुखांची पत्रं येऊ लागली. लेखक पंचविशीतला, सरकारी नोकरीतला. स्वतःचं पत्र काढायची त्याला गरज पडली नाही. भाऊ महाजनांनी वाचक जमवून ठेवलेला होता. लोकहितवादींनी त्या वाचकाला दर आठवड्याला चिमटे काढले. ‘शतपत्रे’ म्हणून आज आपण जे वाचतो, ते सगळं दुसऱ्याच्या साप्ताहिकात पाहुणा म्हणून केलेलं लेखन आहे. पाहुणा असला तरी यजमानाच्या वाचकाला आवडेल तेवढंच बोलायचं, हा नियम त्यांनी पाळला नाही. आणि यजमानानेही तो लादला नाही. पाहुण्या लेखनाचं याहून चांगलं उदाहरण मला मराठीत माहीत नाही.

दुसरं उदाहरण याहून हृद्य आहे. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, हे आपण शाळेतच वाचतो. या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो दोन भागांत छापला गेला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये. तेव्हा ते पत्र मुंबईहून निघत होतं. मिशनचा हेतू आणि फुल्यांचा हेतू एक नव्हता. तरी मुलीच्या निबंधाला जागा मिळाली, कारण या एका विषयावर दोघांचं कुंपण एकमेकांना लागून होतं. ते अंक जपले गेले आणि म्हणूनच मुक्ताबाईंचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो. शाळेची वही एव्हाना कधीच नाहीशी झाली असती.

कुंपण लागून असणं, हीच माझ्या मते कळीची अट. दोघांचे वाचक अगदी एक असतील तर देवघेवीचा उपयोग नाही. त्याच माणसांना तेच नाव पुन्हा ऐकवलं जातं. अगदी परके असतील तरी उपयोग नाही. शेजारच्या घरातून चमचाभर विरजण आणावं तसं हे आहे: दही आपल्याच दुधाचं लागायचं असतं, पण आपल्याकडे नसलेलं काहीतरी त्या चमच्यात असावं लागतं.

नाकारल्या गेलेल्या जागेचीही नोंद करायला हवी. ‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, पैसे देऊन. ‘केसरी’ने ती छापली नाही. बाबासाहेबांच्या चरित्रात धनंजय कीरांनी हे नोंदवलं आहे. ‘केसरी’चा वाचक ‘मूकनायक’कडे वळला असता असं नाही. तरी जे नाव छापायला पैसे घेऊनही नकार मिळतो, ते नाव किती बोचत होतं हे त्यातून कळतं. मोठं पत्र दार लावून घेतं तेव्हा लहानांची आपसातली वाट जास्त मोलाची ठरते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले होते, तो आधार मोठा, पण पैशाने कागद आणि शाई येते. वाचक आणायला समानशील पत्रं, परिषदा आणि गावोगावचे कार्यकर्तेच लागतात.

अर्थात समानशील म्हणजे सगळं गोड, असंही नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं लोखंड्यांनी ‘दीनबंधु’त छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. भाषा फार जहाल वाटली. पत्र आपल्याच चळवळीचं, संपादक आपलाच माणूस, तरी हा प्रकार झाला. जोतीराव चिडले, ते साहजिक होतं. पण संपादकाचीही बाजू आहे: जागा त्याची, खटला झाला तर तोही त्याच्यावर. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घालताना खांब कुठे रोवायचे हे शेवटी अंगणवालाच ठरवतो. ज्याला एक अक्षरही बदललेलं चालत नाही, त्याने स्वतःचा छापखाना टाकावा. मुकुंदरावांनी टाकला.

आणि टाकल्यावर त्यात काय छापलं, याला महत्त्व आहे. ‘आसूडाचे फटके’ या सदरातून त्यांनी गावगाड्यावर कोरडे ओढले. १९१३ चं ‘कुलकर्णी लीलामृत’ तर अख्खं ओवीबद्ध, पोथीच्या थाटाचं. ज्या गावात वाचता येणारे मोजके, तिथे एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, ही सवय पोथीने लावलेली होती. मुकुंदरावांनी कुलकर्ण्याच्या कारवाया त्याच साच्यात ओतल्या. ऐकणारा आधी थाटाला हसला असेल आणि मग मजकुरावर विचारात पडला असेल. दुसऱ्याच्या अंकातून आलेला वाचक एकदा डोकावतो. दुसऱ्यांदा येतो तो अशा लेखनासाठी. ही बाजू लंगडी असेल तर कितीही देवघेव करा, टपालखर्च वाया जातो.

या सगळ्या व्यवहाराला एक वाळवीही लागते. आपल्यासारख्याच दहा जणांनी एकमेकांना उचलून धरायचं ठरवलं की पहिलं वर्ष झपाट्याचं जातं. मग लक्षात येतं की तेच चारपाचशे वाचक गोल फिरतायत आणि प्रत्येकाला वाटतंय की आपला व्याप वाढला. परस्परप्रशंसक मंडळात टीका बंद होते, टीका बंद झाली की लेखन सैल होतं. चळवळीच्या पत्रांना, साहित्यिक मासिकांना, सगळ्यांनाच हा रोग होतो. ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातलं वाक्य मला म्हणूनच आदर्श वाटतं. त्यात शेजाऱ्यांचं नाव घेऊन ऋण मानलं आहे आणि त्याच दमात त्यांचं काय अपुरं पडतं तेही सांगितलं आहे.

मराठीत या देवघेवीची सर्वांत देखणी जत्रा दरवर्षी भरते, ती दिवाळी अंकांची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. एका अंकात वीस-पंचवीस लेखक म्हणजे त्या प्रत्येकाचा थोडाथोडा वाचक एका जागी. कथेसाठी अंक घेतलेला माणूस उलटता उलटता एखाद्या अनोळखी कवीपाशी थांबतो. शिवाय कुठलाही दिवाळी अंक काढून पाहा, त्यात दुसऱ्या दिवाळी अंकांच्या जाहिराती असतात. साबणवाल्याला हे कधी जमणार नाही. पुस्तकविक्रेते पाच-सहा अंकांचा संच सवलतीत विकतात, वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात. एक अंक वाचणारा दुसराही वाचतो हे धंद्यातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. वाचक म्हणजे भाकरी नव्हे की एकाने तोडली म्हणजे दुसऱ्याला कमी पडली.

आता कागदाची जागा मोबाइलने घेतली, पण व्यवहार बदललेला नाही. २०१६ मध्ये ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब वाहिनीने ‘कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण’ सुरू केलं. सिनेमा-नाटकातला ओळखीचा पाहुणा आणायचा, त्याची थट्टा करायची, की पाहुण्याचे चाहते आपोआप दारात. लोकहितवादी वाचक असलेल्या घरी पाहुणे गेले होते. इथे पाहुणाच चाहते घेऊन आला. २०२१ पासून इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टवर दोन खात्यांची नावं लावता येतात आणि ती दोघांच्याही अनुयायांना दिसते. तरवडीच्या काळात यासाठी कात्री, डिंक आणि आठवडा लागायचा. खुद्द नगर तालुक्यात सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून यूट्यूबवर पोचल्या, त्या नातवाच्या साथीने: हाताची चव आजीची, कॅमेरा आणि त्यामागचं तंत्र नातवाचं. एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. अकोले तालुक्यातल्या रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईवर लिहिणारे, चित्रफिती करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकमेकांचं कौतुक केलं तर ट्रेकरांच्या गटातच नाव फिरेल. पण गड उतरून पायथ्याच्या घरात जेवायला बसलेला तोच ट्रेकर विचारतो, ‘मावशी, हा भात कुठला? फार वास येतोय.’ इथे दुसरा विषय सुरू होतो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाण जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. बियाण्यांवर, रानभाज्यांवर लिहिणारी माणसं इथे आहेत. गडवाल्याने आपल्या मजकुरात पायथ्याच्या भाताला जागा द्यावी, वाणवाल्याने पावसाळ्यात गडाच्या वाटेवर मिळणाऱ्या भाज्यांवर गडवाल्याकडून लिहून घ्यावं. दोघांचे वाचक एकाच गावात येऊन जेवतात, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

पैशांची गोष्ट यात जाणूनबुजून उशिरा काढतो. अदलाबदलीच्या अंकात पैसा नव्हता, म्हणून हिशेब मनात ठेवावा लागायचा: त्यांनी आपले तीन उतारे घेतले, आपण एकही नाही, असं फार दिवस चालत नाही. आज काही जण मोबदला घेऊन दुसऱ्याचं नाव घेतात. त्यात गैर काही नाही, ती जाहिरात आहे आणि तसं लिहिलं म्हणजे झालं. लपवलं की ज्या भरवशावर वाचक आपल्या शिफारशीने दुसरीकडे जातो तो भरवसाच संपतो. उताऱ्याखालचं मूळ पत्राचं नाव गाळणं ही जुन्या काळची चोरी, जाहिरात लपवणं ही नव्या काळची.

‘दीनमित्र’ १९६७ पर्यंत, मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत चाललं. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास लिहिला तेव्हा तरवडीच्या या साप्ताहिकाचे जुने अंक त्यांना साधन म्हणून उपयोगी पडले. खेड्यातून निघालेल्या पत्राला असाही एक वाचक मिळाला.

तुम्ही स्वतः काही लिहीत असाल, गावाचं वार्तापत्र काढत असाल, चित्रफिती करत असाल, तर पुढच्या अंकात एक ‘साभार पोच’ सुरू करा. आपल्या कुंपणाला कुंपण लागलेल्या तिघांची नावं, त्यांचं काय वाचावं आणि त्यांचा पत्ता. छापल्यावर अंक त्यांना पाठवा. सोबत मागणी जोडू नका.